चाय-माय वार मऽ? : मराठीच्या दारातून तुर्की

इंग्रजीत लिहिलेलं तुर्की शिकण्याचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांतच सबुरीचा सल्ला भेटतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘आत’, ‘वर’, ‘पासून’ या अर्थाचे तुकडे नामाच्या मागून लागतात. ‘माझ्याकडे अमुक आहे’ हे सांगायला स्वतंत्र क्रियापद नाही. एकाच शब्दाला चार-चार शेपट्या जोडलेल्या असतात. लंडनच्या विद्यार्थ्याला हे सगळं अजब वाटत असेल, पण साताऱ्याच्या माणसाने त्यात दचकण्यासारखं काय आहे? तो हे सकाळपासून रात्रीपर्यंत करतच असतो.

तुर्की आणि मराठी यांचं रक्ताचं नातं काही नाही. तुर्कीची भावंडं म्हणजे उझबेक, कझाख, अझरबैजानी, उइघुर. मराठी संस्कृत-प्राकृताच्या घरातली. तरीही वाक्य रचण्याची पद्धत इतकी जुळते की मराठी माणसाने तुर्की इंग्रजीमार्गे शिकणं म्हणजे पुण्याहून सासवडला जायला मुंबई गाठणं. माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तक इंग्रजी असलं तरी डोक्यात मराठी चालू ठेवावी.

एक उदाहरण चिमट्यात धरून बघू. ‘घरातल्यांनाही सांग’ हे तुर्कीत असं होतं : ‘एवदेकिलेरे दे स्योयले’. पहिला शब्द सोडवला तर ‘एव’ म्हणजे घर, ‘दे’ म्हणजे आपला ‘-त’, ‘कि’ म्हणजे ‘-ल’ (घरात-ल-ा मधला), ‘लेर’ म्हणजे अनेकवचन, आणि शेवटचा ‘ए’ म्हणजे ‘-ना’. मग सुटा ‘दे’, तो आपला ‘ही’. ‘स्योयले’ म्हणजे सांग. तुकडे तेच आणि त्यांचा क्रमही तोच. इंग्रजीत हे सांगायला पाच-सहा सुटे शब्द लागतात आणि त्यांची रांग जवळजवळ उलटी लागते. फरक दोनच. मराठीत ‘घर’चं आधी ‘घरा’ व्हावं लागतं, म्हणजे सामान्यरूप. तुर्कीत ‘एव’ जसाच्या तसा राहतो. आणि मराठीत घरातला, घरातली, घरातलं असा लिंगाचा हिशेब ठेवावा लागतो. तुर्कीत लिंगच नाही. तो, ती आणि ते या तिघांना मिळून एकच ‘ओ’.

लिंग नाही म्हटल्यावर मराठी विद्यार्थ्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि ते खरंही आहे. विशेषणं बदलत नाहीत. मोठा वाडा, मोठी खोली, मोठं घर, मोठी घरं, सगळीकडे ‘ब्युय्युक’ एके ‘ब्युय्युक’. त्रास होतो तो भाषांतर करणाऱ्याला. कथेत ‘ओ गेल्दि’ असं आलं की आलेला माणूस आहे की बाई, हे पुढच्या पानापर्यंत कळत नाही. लेखकाच्या मनात आलं तर शेवटपर्यंतही कळत नाही.

आता उच्चार. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तुर्कस्तानात नव्या वर्णमालेचा कायदा झाला आणि अरबी वळणाची लिपी जाऊन २९ अक्षरांची लॅटिन वर्णमाला आली. त्याच वर्षी कायसेरी इथे फळ्यापाशी उभे राहून नवी अक्षरं दाखवणाऱ्या मुस्तफा केमाल यांचं छायाचित्र आजही तिथल्या शाळांच्या पुस्तकांत दिसतं. या बदलामागे राजकारण होतं, तशी व्याकरणाची एक साधी अडचणही होती. तुर्कीत स्वर आठ आहेत आणि तिचं अर्धं व्याकरण स्वरांवर चालतं. जुन्या लिपीत स्वर दाखवायची सोय तोकडी होती.

हे आठ स्वर दोन गटांत बसतात. जिभेच्या मागच्या भागातून येणारे चार : आ, अ, ओ, उ. पुढच्या भागातून येणारे चार : ए, इ आणि दोन मराठीत नसलेले. त्यातला एक असा : ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि ओठ न हलवता ‘ई’ म्हणायची. दुसरा : ओठ ‘ओ’चे, आवाज ‘ए’चा. इथे सोयीसाठी मी त्यांना ‘यु’ आणि ‘यो’ लिहितो आहे, पण त्यात खरा ‘य’ नाही हे लक्षात ठेवावं. मागच्या गटातला ‘अ’ही आपल्यापेक्षा थोडा आवळलेला, जीभ वर उचलून काढलेला असतो. तो बिनटिंबाच्या ‘आय’ने लिहितात, टिंबाचा ‘आय’ म्हणजे ‘इ’. म्हणून इस्तंबूलच्या पाट्यांवर मोठ्या अक्षरातल्या ‘आय’च्या डोक्यावरही टिंब दिसतं. ती छापणाऱ्याची चूक नव्हे. च आणि ज नेहमी चहातला आणि जयमधला. चाकातला आणि जावयातला कधीच नाही. झ मात्र झाडातला.

देवनागरीत लिहिल्यामुळे एखादी गंमतही होते. ‘बालक’ म्हणजे तुर्कीत मासा. तेव्हा खाणावळीच्या पाटीवर ‘बालक’ वाचून कुणी हबकू नये.

स्वरांचे गट पाठ केले की अनेकवचन पाच मिनिटांत हाती येतं. प्रत्यय एकच, त्याची रूपं दोन : लार आणि लेर. शब्दातला शेवटचा स्वर मागच्या गटातला असेल तर लार, पुढच्या गटातला असेल तर लेर. आत म्हणजे घोडा, आतलार म्हणजे घोडे. कझ म्हणजे मुलगी, कझलार मुली. योल म्हणजे रस्ता, योल्लार रस्ते. चोजुक म्हणजे मूल, चोजुकलार मुलं. दुसऱ्या बाजूला एव-एवलेर (घरं), दिल-दिल्लेर (भाषा), ग्योझ-ग्योझलेर (डोळे), ग्युन-ग्युनलेर (दिवस). झालं. आता घोडा-घोडे, वही-वह्या, भिंत-भिंती, माळ-माळा, केळं-केळी आणि वर ‘दगड’चं अनेकवचन पुन्हा ‘दगड’च, ही आपली यादी डोळ्यांसमोर आणा. मराठी शिकायला आलेल्या तुर्की माणसाला आपण काय तोंड दाखवणार?

या नेटकेपणाची भुरळ थोरामोठ्यांना पडली आहे. ऋग्वेदाची छापील आवृत्ती सिद्ध करणारे मॅक्स म्युलर यांनी १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या भाषाशास्त्रावरच्या व्याख्यानांत तुर्की व्याकरणाची तोंड भरून स्तुती केली आहे. ही भाषा बोलायची नसली तरी तिचं व्याकरण नुसतं वाचण्यातही सुख आहे, असा त्यांचा सूर होता.

पण म्युलरसाहेबांचा उत्साह थोडा बाजूला ठेवावा अशाही जागा आहेत. घड्याळ किंवा तास या अर्थाचा ‘साआत’ हा शब्द अरबीतून आला. त्यातले दोन्ही स्वर मागच्या गटातले, तेव्हा साआतलार व्हायला हवं. होतं मात्र साआतलेर. फुटबॉलमधला गोल तुर्कीतही ‘गोल’च, त्याचं अनेकवचन गोल्लेर. पण ‘कोल’ म्हणजे हात, त्याचं कोल्लार. गोलच्या बाबतीत कारण असं. परक्या शब्दांतला शेवटचा ल तुर्की तोंडात पुष्कळदा मऊ होतो, आणि तो मऊपणा पुढच्या प्रत्ययाला आपल्या बाजूला ओढतो. नवशिक्याने कारणात शिरू नये. असे शब्द भेटतील तसे टिपून ठेवावेत. ते फार नाहीत.

खरी सवय मोडावी लागते ती आकड्यांपाशी. आकडा आला की अनेकवचन गळतं. तीन सफरचंदं म्हणजे ‘युच एल्मा’, एल्मालार नव्हे. पाच घरं म्हणजे ‘बेश एव’. ‘पुष्कळ’ या अर्थाच्या ‘चोक’नंतरही एकवचनच. तर्क सरळ आहे : तीन म्हटल्यावर एकाहून जास्त आहेत हे कळलंच, तेच पुन्हा कशाला सांगायचं? आपणही तीन किलो, शंभर मीटर, दहा एकर असंच म्हणतो. तुर्की माणूस तोच न्याय मुलाबाळांना आणि घोड्यांनाही लावतो. अपवाद कथांच्या नावांत सापडतात. अलिबाबाचे चाळीस चोर हे ‘कर्क हारामिलेर’ आणि हिमगौरीचे सात बुटके हे ‘येदि ज्युजेलेर’. दोन्हींत आकडा असूनही लेर आहे. कारण हे कुठलेही चाळीस किंवा कुठलेही सात नव्हेत, ती ठरलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली टोळी आहे. अंकाऱ्यातल्या एका वस्तीचं नावही असंच : बेशएवलेर, पाच घरं.

लार-लेरची खरी मजा मात्र मोजणीच्या पलीकडे आहे. ‘तेयझे’ म्हणजे मावशी. आत्याला वेगळा शब्द आहे, ‘हाला’. इंग्रजीसारखी सगळ्यांची एकाच शब्दात बोळवण नाही. ‘-म’ किंवा ‘-इम’ म्हणजे माझा, माझी. आता ‘तेयझेलेरिम’ म्हणजे माझ्या मावश्या : आधी अनेक केल्या, मग माझ्या म्हटल्या. क्रम उलटा करून ‘तेयझेमलेर’ म्हटलं तर? मावशी एकच, माझी. पण तिच्यामागे लेर. अर्थ होतो माझ्या मावशीकडची मंडळी : मावशी, काका, मुलं, घरी राहायला आलेलं कुणी असेल तर तेही. माणसाच्या नावालाही हाच प्रत्यय लावून ‘अमक्याकडचे सगळे’ असं म्हणता येतं. एका प्रत्ययाची जागा बदलली आणि तीन मावश्यांचं एक बिऱ्हाड झालं.

आदराचं अनेकवचनही ओळखीचं आहे. एकट्या थोर माणसालाही ‘सिझ’ म्हणजे तुम्ही; बरोबरीच्याला, लहानाला ‘सेन’ म्हणजे तू. मग खरोखरच समोर चारजण असतील तर? आपण ‘तुम्ही मंडळी’, ‘तुम्ही सगळे’ म्हणून गाठ सोडवतो. तुर्की माणूस ‘सिझ’ला आणखी एक लेर जोडतो : सिझलेर. जुन्या वळणाच्या अदबशीर तुर्कीत तर ‘साहेब आले’ हेही जसंच्या तसं आहे : ‘म्युद्युर बेय गेल्दिलेर’. साहेब एकटेच आलेत, क्रियापद मात्र अनेकवचनी. उलट ‘चोजुकलार गेल्दि’ यात मुलं अनेक आणि क्रियापद एकवचनी, कारण लार एकदा म्हटलं की पुरे. निर्जीव वस्तूंच्या मागे क्रियापदाला लेर लावलं तर ऐकणाऱ्याच्या कानाला खटकतं.

निरोप आणि शुभेच्छाही अनेकवचनी असतात. ‘इयि ग्युनलेर’ म्हणजे शब्दशः चांगले दिवस, ‘इयि गेजेलेर’ चांगल्या रात्री. आपल्याकडे आभार आणि शुभेच्छा एकवचनात कुठे असतात?

अरबीतून आलेली अनेकवचनं हा एक वेगळाच किस्सा. अरबीत अनेकवचन पुष्कळदा शब्दाच्या पोटातले स्वर बदलून होतं. उस्मानी काळात असे शब्द तयार रूपातच तुर्कीत आले आणि लोकांनी ते एकवचन समजून वापरले. ‘एवलात’ मुळात अनेकवचन, अर्थ मुलं. तुर्कीत तो एका मुलाला लावतात आणि अनेक असतील तर ‘एवलातलार’. आपण हसायचं कारण नाही. आपली ‘औलाद’ तीच आहे. ‘अहवाल’ हे ‘हाल’ या अरबी शब्दाचं अनेकवचन. आपण एक अहवाल सादर करतो आणि दुसरा मागवतो. उमरावही मुळात अनेकच होते, अमिराचं अनेकवचन. मराठीत एकटा उमराव रुबाबात फिरतो. १९३२ साली तुर्की भाषा संस्था स्थापन झाली आणि पुढे अशा पुष्कळ शब्दांना चाळण लागली. तरी ‘क्युत्युपहाने’ राहिलंच. कुतुब म्हणजे किताबचं अरबी अनेकवचन, आणि पुढे आपल्या दवाखान्यातला खाना.

किताबही आहे, पण त्याचा उच्चार ‘किताप’, कारण तुर्की शब्दाच्या शेवटी ब टिकत नाही. मागे स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की ब परत येतो : ‘किताबम’, माझं पुस्तक.

आता प्रश्न. हो-नाही उत्तराचा प्रश्न करायला मराठीत ‘का’ लागतो, तुर्कीत ‘मि’. आवाज चढवायची किंवा शब्दांची उलटापालट करायची गरज नाही. फक्त हा ‘मि’ही आधीच्या स्वराकडे बघून रंग बदलतो, आणि लार-लेरसारखी दोन नव्हे, चार रूपं घेतो. बाजारात उभं राहून बोट दाखवत विचारायचं : बु एल्मा मऽ? हे सफरचंद का? बु बिबेर मि? ही मिरची का? बु लिमोन मु? हे लिंबू का? बु स्युत म्यु? हे दूध का? आ किंवा अ नंतर मऽ, ए किंवा इ नंतर मि, ओ किंवा उ नंतर मु, यो किंवा यु नंतर म्यु. सवय आपल्या गावांच्या नावांवर करावी : सातारा मऽ? पुणे मि? नागपूर मु? म्युसाठी आपल्याकडे गाव नाही, ते बाहेरून आणावं लागतं.

हा तुकडा लिहायचा सुटा. तिथली शाळकरी मुलंच नव्हेत, मोठी माणसंही तो आधीच्या शब्दाला चिकटवून लिहितात आणि मास्तरांची बोलणी खातात. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून खातात तशी. बोलताना जोर त्याच्यावर नसतो, त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर असतो.

‘मि’ कुठे ठेवायचा यात मात्र तुर्की आपल्यापुढे गेली आहे. वाक्य घ्या : ‘आयशे द्युन आन्काराया गित्ति’, आयशा काल अंकाऱ्याला गेली. ‘गित्ति मि?’ म्हटलं तर : गेली का? ‘आन्काराया मऽ गित्ति?’ : अंकाऱ्याला गेली का, की दुसरीकडे? ‘द्युन म्यु?’ : कालच का? ‘आयशे मि?’ : आयशाच गेली का, की दुसरं कुणी? ज्या शब्दाबद्दल शंका, त्याच्या मागे मि. मराठीत ‘का’ असा हवा तिथे हलवता येत नाही. ‘आयशा का गेली?’ म्हटलं की प्रश्नच बदलतो, कारण आपला ‘का’ कारणही विचारतो. म्हणून आपल्याला ‘च’ जोडावा लागतो किंवा आवाजाने काम भागवावं लागतं.

तू, तुम्ही हे प्रत्यय कुठे लागतात, इथे नवशिके हमखास अडखळतात. ‘तुम्ही भारतीय आहात का?’ हे ‘हिंतलि मिसिनिझ?’ असं होतं. ‘-सिनिझ’ म्हणजे तुम्ही, आणि ते ‘मि’च्या मागे लागलं आहे. ‘येतोयस का?’ म्हणजे ‘गेलियोर मुसुन?’, इथेही ‘तू’ प्रश्नाच्या तुकड्यावर. पण ‘आलास का?’ म्हणजे ‘गेल्दिन मि?’ इथे ‘तू’चा न क्रियापदाला चिकटला आणि मि एकटा मागे राहिला, अगदी आपल्या ‘आलास’मधल्या ‘स’सारखा. भूतकाळाचे प्रत्यय आखूड आणि घट्ट असतात. वर्तमानाचे मूळच्या ‘सेन’, ‘सिझ’ या सर्वनामांतून आलेले, अजून थोडे सुटे. सुरुवातीला एवढं ध्यानात ठेवलं तरी चालतं.

प्रश्नार्थक शब्द असला की ‘मि’ लागत नाही, आणि तो शब्द वाक्याच्या तोंडाशी धावतही नाही. उत्तर जिथे येणार तिथेच बसतो. किम म्हणजे कोण, ने काय, नेरेदे कुठे, ने झामान केव्हा (झामान म्हणजे आपला जमाना), नासल कसं, काच किती. ‘बु ने?’ हे काय? ‘नासलसनझ?’ कसे आहात? ‘सिमित काच लिरा?’ तिळाची ती कडी किती लिऱ्याला? आकड्याचा नियम इथेही : काच नंतर एकवचन. आणि कोण, काय यांनाही अनेकवचन होतं. ‘किमलेर गेल्दि?’, ‘नेलेर ओल्दु?’ इंग्रजी पुस्तकं याची समजूत घालायला परिच्छेद खर्च करतात. मराठीत ते दोन शब्दांत सांगता येतं : कोण कोण आलं? काय काय झालं?

आणि शेपटीचा प्रश्न? ‘छान आहे, नाही का?’ म्हणजे ‘ग्युझेल, देयिल मि?’ देयिल म्हणजे नाही, मि म्हणजे का.

बोलीची खरी जवळीक मात्र दुसऱ्याच एका सवयीत आहे. तुर्की माणूस शब्द म्हणतो आणि त्याच्या तोंडाला म लावून तोच पुन्हा म्हणतो : चाय-माय, किताप-मिताप. चहा-बिहा, पुस्तक-बिस्तक. अर्थही तोच, लहेजाही तोच, थोडी बेफिकिरीही तीच. शब्द मुळातच म ने सुरू होत असेल तर ही युक्ती चालत नाही, मग ‘फालान’ म्हणून वेळ मारून नेतात. तो आपल्या फलाण्याचा भाऊ. टपरीवर जाऊन विचारावं : ‘आबि, चाय-माय वार मऽ?’ आबि म्हणजे दादा. अनोळखी माणसाला दादा, ताई (आब्ला), काका (आमजा), मावशी (तेयझे) म्हणून हाक मारायची रीत तिथेही आहे. ‘वार’ म्हणजे आहे. त्यातला शेवटचा र तिथली माणसं श कडे झुकवून, हवेत सोडून देतात, त्यामुळे ‘वार्श’ असं काहीतरी ऐकू येतं.

उत्तरात हो म्हणजे ‘एवेत’ येईलच असं नाही. ‘आला का?’ला आपण ‘आला’ म्हणतो, तसं ‘वार मऽ?’ला ‘वार’. नसेल तर ‘योक’. पुष्कळदा तेही नाही : चहावाला नुसत्या भुवया उचलतो, हनुवटी वर करतो आणि जिभेने ‘च्क’ करतो. मराठी पाहुण्याला वाटतं, भुवया उचलल्या म्हणजे ‘काय म्हणालात?’ आणि तो प्रश्न पुन्हा विचारतो. पुन्हा विचारू नये, पुढची टपरी गाठावी.